टायरचे माप आणि वेगमापकाची अचूकता : बहुपयोगी वाहनांच्या विशेष संदर्भात

बीजशब्द : वेगमापक, अंतरमापक, टायरचा परीघ, रस्ता सुरक्षा, वाहन नोंदवही

प्रस्तावना :

महाविद्यालयाची क्षेत्रभेट असो, परीक्षा केंद्रांची पाहणी असो वा राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर असो, खेड्यापाड्यांतील रस्त्यांवर जीप वर्गातील बहुपयोगी वाहनच उपयोगी पडते. महिंद्र उद्योगसमूहाने १९४७ मध्ये विलिज जीपची जुळणी भारतात सुरू केली, तेव्हापासून ग्रामीण महाराष्ट्राच्या दळणवळणात या वाहनप्रकाराने महत्त्वाचे स्थान मिळवले आहे. अशा वाहनाचे टायर झिजल्यावर, वाहन जमिनीपासून थोडे उंच राहावे किंवा ते भारदस्त दिसावे म्हणून मूळ मापापेक्षा मोठे टायर बसविण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. या एका बदलामुळे चालकासमोरील वेगाचा आकडा, वाहनाने कापलेल्या अंतराची नोंद आणि इंधनाचा हिशेब या तिन्ही गोष्टी बिघडतात, याची जाणीव मात्र क्वचितच असते. प्रस्तुत लेखात या बिघाडामागील शास्त्र साध्या गणिताच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१. वेगमापक नेमके काय मोजतो, हे समजून घेणे.
२. टायरच्या मापातील बदलामुळे होणाऱ्या त्रुटीचे गणन करणे.
३. या त्रुटीचे सुरक्षिततेवर व हिशेबावर होणारे परिणाम तपासणे.
४. त्रुटी ओळखण्याच्या व दूर करण्याच्या सोप्या पद्धती सुचविणे.

वेगमापकाचे कार्य :

वेगमापक वाहनाचा वेग प्रत्यक्ष मोजत नाही. तो फिरणाऱ्या भागांचे फेरे मोजतो. १९०२ मध्ये ऑटो शुल्ट्झ या जर्मन अभियंत्याने ज्या चुंबकीय वेगमापकाचे एकस्व घेतले, त्याचेच तत्त्व पुढे अनेक दशके वापरात राहिले. गिअरबॉक्सपासून निघणारी लवचीक केबल वेगमापकातील चुंबक फिरवते. चुंबकाभोवतीच्या ॲल्युमिनियमच्या वाटीत भोवरी विद्युत्प्रवाह निर्माण होतात व वाटी चुंबकाच्या दिशेने वळू लागते. एक नाजूक स्प्रिंग तिला मागे ओढते. या दोन बलांचा समतोल जेथे साधतो, तेथे काटा स्थिर होतो. जुन्या जीपमध्ये ही केबल ट्रान्स्फर केसच्या चाकांकडील दांड्यापासून घेतलेली असते. त्यामुळे चिखलात किंवा चढावर ‘लो’ गिअर टाकला तरी काट्याचे व चाकाच्या फेऱ्यांचे प्रमाण बदलत नाही. अलीकडील वाहनांत केबलची जागा विद्युत संवेदकाने घेतली आहे. अनेक वाहनांत एबीएस यंत्रणेचे चाकाजवळील संवेदकच ही माहिती पुरवितात.

यंत्रणा जुनी असो वा नवी, तिच्यामागे एक गृहीतक कायम असते : चाकाच्या एका फेऱ्यात वाहन ठरावीक अंतर पुढे जाते. हे अंतर म्हणजे टायरचा परीघ. टायर बदलला की हे गृहीतक ढळते. यंत्राला मात्र ते कळण्याचा मार्ग नसतो.

मापाचे गणित :

टायरच्या बाजूवर ‘२१५/७५ आर १५’ असे माप छापलेले असते. त्यातील २१५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ७५ हे रुंदीच्या तुलनेत टायरच्या बाजूच्या उंचीचे शेकडा प्रमाण, ‘आर’ म्हणजे रेडियल रचना आणि १५ हा रिमचा इंचांमधील व्यास होय. यावरून बाजूची उंची १६१.२५ मि.मी. येते. तिची दुप्पट, म्हणजे ३२२.५ मि.मी., रिमच्या ३८१ मि.मी. व्यासात मिळविली असता टायरचा एकूण व्यास ७०३.५ मि.मी. आणि परीघ सुमारे २२१० मि.मी. मिळतो.

त्याच रिमवर ‘२३५/७५ आर १५’ हा टायर बसविला, तर व्यास ७३३.५ मि.मी. व परीघ सुमारे २३०४ मि.मी. होतो. पहिला टायर एका किलोमीटरमध्ये सुमारे ४५२ फेरे घेतो, तर दुसरा सुमारे ४३४. दोन्ही व्यासांचे गुणोत्तर १.०४२६ आहे. म्हणजेच मूळ टायरवर अचूक असलेला वेगमापक ताशी ८० कि.मी. दाखवीत असताना वाहनाचा खरा वेग ताशी ८३.४ कि.मी. असतो. याउलट लहान व्यासाचा टायर बसविल्यास वेगमापक खऱ्यापेक्षा अधिक वेग दाखवितो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. भाराखाली टायर जमिनीलगत चपटा होतो, त्यामुळे रेडियल टायरचा प्रत्यक्ष धावता परीघ वरील गणितापेक्षा सुमारे तीन टक्के कमी भरतो. तथापि ही घट दोन्ही टायरना जवळपास सारखीच लागू असल्याने त्यांचे गुणोत्तर फारसे बदलत नाही, आणि आपल्याला गुणोत्तराचीच गरज आहे.

झीज आणि नियमांतील सवलत :

टायर न बदलताही परीघ बदलतो. नव्या टायरच्या नक्षीची खोली ८ मि.मी. मानली व ती झीजदर्शक खुणेपर्यंत, म्हणजे १.६ मि.मी.पर्यंत खाली आली, तर व्यास १२.८ मि.मी.ने, अर्थात सुमारे १.८ टक्क्यांनी घटतो. परंतु या त्रुटीची दिशा सुरक्षित आहे. झिजलेल्या टायरवर वेगमापक खऱ्यापेक्षा किंचित जास्त वेग दाखवितो व चालक सावध राहतो. मोठ्या टायरची त्रुटी नेमकी उलट दिशेची असते.

संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीतील नियम क्र. ३९ मध्ये हाच विचार दिसतो. त्यानुसार दर्शविलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये. तो अधिक असल्यास ती वाढ खऱ्या वेगाच्या एक दशांश अधिक ताशी ४ कि.मी. या मर्यादेत असावी. म्हणजे खरा वेग ८० असताना काटा ८० ते ९२ यांदरम्यान कोठेही असू शकतो. म्हणूनच उत्पादक काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. एखाद्या वाहनाचा काटा खऱ्या ८० वेगाला ८४ दाखवीत असेल, तर वरील मोठ्या टायरमुळे तो सुमारे ८०.६ दाखवील. ‘टायर बदलल्यावर मीटर जास्तच अचूक झाला’ हा अनेक मालकांचा अनुभव यामुळे खोटा म्हणता येत नाही. मात्र अशा वेळी सुरक्षिततेसाठी राखून ठेवलेली सवलत संपलेली असते, हे विसरून चालत नाही.

परिणाम :

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ४.२६ टक्क्यांनी वाढला की ऊर्जा सुमारे ८.७ टक्क्यांनी वाढते व ब्रेक लावल्यानंतरचे थांबण्याचे अंतरही त्याच प्रमाणात लांबते. १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींत बंधनकारक झालेली ताशी ८० कि.मी.वरील धोक्याची घंटीही याच चुकीच्या आकड्यावर वाजते. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या २०१९ मधील दुरुस्तीनुसार हलक्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडल्यास १००० ते २००० रुपये दंड आहे. रस्त्यावरील कॅमेरा खरा वेग मोजतो, वेगमापकावरचा नव्हे.

दुसरा परिणाम अंतरमापकावर होतो व तो अधिक दुर्लक्षित आहे. वेगाचा काटा जसा मुद्दाम पुढे ठेवला जातो, तसे अंतराच्या नोंदीबाबत केले जात नाही. ती मुळात बऱ्यापैकी अचूक असते. त्यामुळे काटा ठीक वाटत असला तरी मोठ्या टायरवर अंतराची नोंद कमीच होते. समजा, संस्थेचे वाहन वर्षात १२,००० कि.मी. धावले व लिटरला १२ कि.मी. या दराने त्यास १००० लिटर डिझेल लागले. अंतरमापकावर मात्र सुमारे ११,५०९ कि.मी.च दिसतील. नोंदवहीत सरासरी १२ वरून ११.५ वर उतरलेली दिसेल आणि कागदोपत्री सुमारे ४१ लिटर डिझेलचा हिशेब लागणार नाही. त्याचा जाब चालकाला विचारला जाईल. प्रत्यक्षात एक थेंबही इकडचा तिकडे झालेला नसताना प्रामाणिक माणसावर संशय येणे, हा या तांत्रिक त्रुटीचा सर्वांत अन्यायकारक परिणाम होय.

पडताळणी व उपाय :

पडताळणीसाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. टायरवर व जमिनीवर खडूची खूण करून वाहन चाकाच्या दहा फेऱ्यांइतके सरळ पुढे न्यावे आणि फितीने अंतर मोजावे. भारासह धावता परीघ मिळतो. दुसरी पद्धत किलोमीटरच्या दगडांची. सपाट, मोकळ्या रस्त्यावर काटा ६० वर स्थिर ठेवावा व सहप्रवाशाने पाच किलोमीटरला लागणारा वेळ मोजावा. तो ३०० सेकंदांऐवजी २८८ सेकंद भरला, तर खरा वेग ताशी ६२.५ कि.मी. आहे. एकाच किलोमीटरवर वेळ मोजल्यास एका सेकंदाची चूकही निष्कर्ष पावणेदोन टक्क्यांनी बदलते, म्हणून अंतर जास्त घेणे इष्ट. भ्रमणध्वनीवरील जीपीएसचा आकडा तुलनेसाठी घेता येतो. पदवी स्तरावरील भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी मापनातील त्रुटी शिकविणारा हा उत्तम प्रयोग ठरू शकेल.

दुरुस्तीसाठी केबलच्या वाहनांत वेगमापकाच्या छोट्या गिअरचे दाते बदलता येतात. उदाहरणार्थ, २४ दात्यांऐवजी २३ दात्यांचा गिअर घातल्यास केबल ४.३५ टक्के जलद फिरते व वरील त्रुटी जवळजवळ भरून निघते. इलेक्ट्रॉनिक वाहनांत हा बदल, जेथे सोय असेल तेथे, संगणकीय नोंदीत करावा लागतो.

निष्कर्ष व शिफारशी :

१. टायर हा वेगमापन यंत्रणेचाच एक भाग आहे. त्याचा परीघ बदलणे म्हणजे मोजपट्टी बदलणे होय.
२. टायर घेताना उत्पादकाने मान्य केलेल्या मापांतूनच निवड करावी. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत बदलास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार मनाई आहे, हेही ध्यानात ठेवावे.
३. टायर बदलल्याचा दिनांक, जुने व नवे माप आणि दोन्ही व्यासांचे गुणोत्तर नोंदवहीत लिहावे व पुढील अंतरास त्या गुणोत्तराने गुणावे.
४. इंधनाच्या सरासरीत अचानक घट दिसल्यास चालकाकडे खुलासा मागण्यापूर्वी टायरचे माप तपासावे.