‘ॲप चालत नाही’ एवढेच लिहू नका; बिघाड कळवताना ‘ही’ माहिती द्याच!

‘ॲप चालत नाही, लवकर दुरुस्त करा.’ अशा तक्रारीतून ग्राहकाचा राग कळतो, बिघाड मात्र कळत नाही. अभियंत्याला तोच बिघाड पुन्हा घडवून पाहता आला, तर त्याचे कारण शोधणे सोपे जाते.

तपशील किती महत्त्वाचा?

अमेरिकेतील टेक्सास राज्यात टायलर येथील कर्करोग केंद्रात मार्च १९८६ मध्ये ‘थेरॅक-२५’ या यंत्रातून एका रुग्णाला किरणांची घातक मात्रा मिळाली. पडद्यावर फक्त ‘मालफंक्शन ५४’ असा संदेश आला. कंपनीच्या तपासणीत दोष सापडला नाही आणि यंत्र पुन्हा सुरू झाले. एप्रिलमध्ये आणखी एका रुग्णाबाबत तेच घडले.

त्यानंतर केंद्रातील भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हॅगर आणि यंत्रचालक महिलेने कोणती कळ कधी दाबली, हे आठवून तीच कृती वारंवार केली. तेव्हा उलगडा झाला. चुकीची नोंद सुमारे आठ सेकंदांच्या आत दुरुस्त केली, की तोच संदेश येत होता. कृती झपाट्याने करायची आहे, हे समजल्यावरच कंपनीच्या अभियंत्यालाही बिघाड दिसला.

तक्रारीत काय लिहावे?

● कोणते बटण कोणत्या क्रमाने दाबले?
● काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले?
● पडद्यावरील संदेश जसाच्या तसा; शक्य असल्यास स्क्रीनशॉट.
● फोनचे मॉडेल, अँड्रॉइड किंवा आयओएसची व ॲपची आवृत्ती, तारीख आणि वेळ.
● बिघाड दरवेळी येतो की अधूनमधून?

उदाहरणार्थ, ‘नाव देवनागरीत लिहून सबमिट दाबले, की पान कोरे होते, इंग्रजीत लिहिले, तर अर्ज जातो.’ एवढ्या एका वाक्यावरून शोध कुठे घ्यायचा, हे अभियंत्याला कळते.

काय टाळावे?

‘सर्व्हर डाउन असेल’ हा आपला अंदाज आहे; तो घडलेल्या गोष्टींपासून वेगळा लिहावा. यूपीआय व्यवहार अडकला असल्यास १२ अंकी यूटीआर क्रमांक द्यावा. पिन किंवा ओटीपी कोणालाही देऊ नये. स्क्रीनशॉटमधील खाते क्रमांक झाकावा.

जबाबदारी फक्त ग्राहकाची?

नाही. ‘मालफंक्शन ५४’ म्हणजे काय, हे यंत्रचालकांच्या पुस्तिकेत दिलेलेच नव्हते. ‘काहीतरी चुकले’ एवढेच सांगणाऱ्या ॲपच्या ग्राहकांकडून नेमक्या तक्रारीची अपेक्षा कशी करणार?