टाळेबंदी आणि घरातील प्राणी : एकटेपणाच्या सवयीचा प्रश्न

‘टाळेबंदी’ हा शब्द मराठीला नवा नव्हे. गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या तंट्यांत मालकाने दरवाजाला कुलूप लावून कामगारांना बाहेर ठेवावयाचे, असा त्याचा रूढ अर्थ होता. इ. स. २०२० मध्ये हा शब्द घरांना लागू झाला आणि त्याचा रोख उलटा झाला. माणसे बाहेर राहण्याऐवजी आत राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही विश्वव्यापी साथ असल्याचे सांगितले. स्पेनमध्ये १४ मार्चपासून, ब्रिटनमध्ये २३ मार्चपासून आणि भारतात २५ मार्चपासून लोकांचे घराबाहेर पडणे जवळजवळ थांबले. या काळात पाळीव प्राण्यांनी माणसांना किती सोबत दिली, यावर पुष्कळ लिहिले गेले. त्या मानाने दुसरा प्रश्न कमी विचारला गेला : ज्या प्राण्याच्या घरात एरवी दिवसाचे आठदहा तास कोणी नसे, त्याच्या घरात अकस्मात सर्व माणसे चोवीस तास राहू लागली, तेव्हा त्या प्राण्याचे काय झाले? साथ म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्या दृष्टीने घडली ती एकच गोष्ट : घराचे वेळापत्रक मोडले, आणि काही महिन्यांनी ते पुन्हा एकदा मोडले.

प्रथम माणसांची बाजू. यॉर्क व लिंकन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी एप्रिल ते जून २०२० या काळात ब्रिटनमध्ये ५,९२६ व्यक्तींची प्रश्नावलीद्वारे पाहणी केली. त्यांतील बहुतेकांच्या घरी किमान एक प्राणी होता. अशा व्यक्तींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी प्राण्यामुळे मनाला आधार मिळाल्याचे सांगितले. प्राणी असलेल्या घरांत मानसिक स्वास्थ्याची घसरण आणि एकटेपणाची वाढ ही दोन्ही काहीशी कमी आढळली. हा फरक मात्र लहान होता. याच पाहणीतील आणखी एक निष्कर्ष वृत्तपत्रांत फारसा आला नाही : प्राण्याशी ज्यांचे नाते अधिक घट्ट, त्यांचे मानसिक स्वास्थ्य टाळेबंदीपूर्वीच तुलनेने दुबळे होते. म्हणजे घट्ट नाते हे स्वास्थ्याचे कारण मानावे, की अस्वास्थ्यामुळे माणूस प्राण्याकडे अधिक ओढला जातो असे मानावे, हा प्रश्न उरतोच. एका वेळच्या प्रश्नावलीने तो सुटण्यासारखा नाही.

आता प्राण्याची बाजू. कुत्रा हा वेळ ओळखणारा प्राणी आहे. घड्याळ त्याला कळत नाही. परंतु किल्ल्यांचा आवाज, पायांत घातलेले बूट, स्वयंपाकघरातील हालचाल, उन्हाची तिरीप यांच्या क्रमावरून पुढे काय घडणार याचा अंदाज तो बांधतो. मोठ्या वयाचा कुत्रा दिवसाचा बराच भाग झोपून काढतो आणि घर रिकामे असते तेव्हाची झोप ही त्याच्या दिनक्रमाचा भाग बनलेली असते. मांजराचा क्रम वेगळा. ते मुख्यतः पहाटे आणि संध्याकाळी चपळ असते. दुपार ही त्याची स्वतःची. टाळेबंदीने या रिकाम्या वेळा नाहीशा केल्या. मुले शाळेत जाईनात, मोठी माणसे जेवणाच्या मेजावर कचेरी मांडून बसली, आणि ज्या कोपऱ्यात प्राणी निर्धास्त झोपत असे तेथे कोणीतरी दूरध्वनीवर मोठ्याने बोलू लागले.

मे २०२० मध्ये ब्रिटनमधील सुमारे सहा हजार कुत्र्यांच्या मालकांकडून जी माहिती गोळा करण्यात आली, तीत हा बदल स्पष्ट दिसतो. आठवड्यातून एकदाही एकटी न राहणारी कुत्री साथीपूर्वी थोडी होती. टाळेबंदीत त्यांचे प्रमाण निम्म्यावर गेले. त्याच वेळी फिरावयास नेण्याच्या फेऱ्या घटल्या, आणि साखळी सोडून मोकळे धावणे व इतर कुत्र्यांची गाठ पडणे हेही कमी झाले. सहवास वाढला, पण मोकळीक आटली. स्पेनमध्ये तर विलक्षणच स्थिती होती. तेथे कुत्र्याला थोडा वेळ बाहेर नेण्याची मुभा पहिल्या दिवसापासून होती; लहान मुलांना मात्र २६ एप्रिलपर्यंत, आणि व्यायामासाठी प्रौढांना २ मेपर्यंत बाहेर पडता येत नव्हते. काही आठवडे तेथील कुत्रा हा कुटुंबाचा परवाना होऊन बसला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

या साऱ्यातून निर्माण झालेला खरा शास्त्रीय प्रश्न ‘विरहजन्य वर्तना’चा आहे. मालक बाहेर पडताच काही कुत्री सतत भुंकतात वा विव्हळतात, दार ओरबाडतात, वस्तू फाडतात, घरात मलमूत्र विसर्जन करतात. काही केवळ येरझाऱ्या घालतात किंवा तोंडातून लाळ गाळीत दाराशी उभी राहतात. यास पुष्कळ मालक खोडसाळपणा किंवा सूड समजतात. तो समज चुकीचा आहे. बहुसंख्य प्रकरणांत हे भयाचे वा व्याकुळतेचे लक्षण असते. म्हणूनच परत आल्यावर केलेल्या शिक्षेने ते कमी न होता वाढते. परतणाऱ्या धन्याचेच भय त्यात मिसळते.

एकटे राहणे ही कुत्र्याच्या बाबतीत शिकावी लागणारी गोष्ट आहे. धनी जातो आणि परत येतो, हा अनुभव वारंवार आला की जाणे हे निरुपद्रवी ठरते. हा अनुभव खंडित झाला तर शिकलेले विसरले जाते काय? टाळेबंदीने या प्रश्नासाठी एक नैसर्गिक प्रयोगच मांडून दिला. कारण एरवी हजारो घरांतील माणसांना एकाच आठवड्यात घरी बसविणे कोणत्याही संशोधकाला शक्य झाले नसते. ब्रिटनमधील १,८०७ मालकांकडून तीन काळांविषयी माहिती घेण्यात आली : निर्बंधांपूर्वीचा फेब्रुवारी २०२०, कडक निर्बंधांचे मे-जून, आणि निर्बंध सैल झालेला ऑक्टोबर. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. विरहजन्य वर्तन दाखविणाऱ्या कुत्र्यांचे एकूण प्रमाण फेब्रुवारीतील २२.१ टक्क्यांवरून ऑक्टोबरात १७.२ टक्क्यांवर उतरले. एवढेच पाहिले तर टाळेबंदी कुत्र्यांना मानवली, असा निर्णय द्यावा लागेल. परंतु त्याच आकड्यांच्या पोटात दुसरी हकीकत आहे. फेब्रुवारीत ज्यांच्यात अशी लक्षणे नव्हती त्या कुत्र्यांपैकी ९.९ टक्क्यांत ती ऑक्टोबरपर्यंत नव्याने उद्भवली. एकटे राहण्याचे तास ज्यांचे अधिक घटले, त्यांच्यात हा धोका अधिक होता. मग पूर्वी ते कुत्रे दिवसाचे दोन तास एकटे राहत असो वा आठ. उलट, कडक निर्बंधांच्या काळातही जी कुत्री अधूनमधून एकटी राहत होती त्यांच्यात नवी लक्षणे कमी आढळली.

हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत. विरहजन्य वर्तन दिसण्यासाठी मुळात विरह घडावा लागतो. ऑक्टोबरातही अनेक मालक घरूनच काम करीत होते आणि ज्यांना पूर्वी त्रास होत असे अशा कित्येक कुत्र्यांवर एकटे राहण्याची पाळीच कमी येत होती. लक्षण दबले, वृत्ती बदलली असे नव्हे. अधिक महत्त्वाचे ते पुढेच आहे : धोका एकटेपणाच्या तासांशी निगडित नसून तासांतील बदलाशी निगडित होता. कुत्र्याचे हित म्हणजे धन्याचा अखंड सहवास, अशी जी समजूत टाळेबंदीत सर्वत्र व्यक्त झाली, तिला हा निष्कर्ष अनुकूल नाही. थोडी नियमित ताटातूट ही सवय टिकविणारी मात्रा ठरली.

तथापि या सर्व ज्ञानाच्या मुळाशी एक अडचण आहे आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ती विशेष ध्यानात घ्यावयास हवी. प्रश्नावली भरतो तो मालक. आणि एकटे असताना कुत्रे काय करते, हे पाहावयास मालक व्याख्येनेच हजर नसतो. भुंकणे शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून कळते, फाडलेली उशी डोळ्यांना दिसते; परंतु दाराशी तीन तास थरथरत उभे राहिलेले कुत्रे मालक आला की शेपूट हलविते आणि पत्रिकेत ‘त्रास नाही’ असे नोंदले जाते. घरात चलच्चित्रयंत्र ठेवल्यावाचून अशी मूक व्याकुळता उघड होत नाही. दुसरे असे की, टाळेबंदीत मालक दिवसभर घरी होता. पूर्वी न दिसणाऱ्या गोष्टी त्याला आता दिसू लागल्या. मग नोंदलेला बदल वर्तनातील किती आणि निरीक्षणातील किती? शिवाय अशा पत्रिका आपण होऊन भरणारा माणूस बहुधा प्राण्यावर अधिक जीव असलेला असतो. साथीच्या तीन-चार महिन्यांत प्राण्याला कंटाळलेल्याचे मत तेथे क्वचितच पोहोचते.

मालकाच्या तोंडावर अवलंबून नसलेला पुरावा म्हणून रुग्णालयांच्या नोंदींकडे पाहता येते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या बालरुग्णालयात, घरी राहण्याचा आदेश लागू झाल्यानंतर, कुत्रा चावल्यामुळे आणलेल्या मुलांचे प्रमाण पूर्वीच्या जवळजवळ तिप्पट झाले. त्या डॉक्टरांनी सुचविलेली कारणे अशी : मुलांचा कुत्र्याशी वाढलेला संबंध, घरातील गजबजाटाने कुत्र्यावर आलेला ताण, आणि घरी असूनही कामात गुंतलेल्या पालकांची सुटलेली नजर. येथेही बाधा सहवासाच्या अभावातून आलेली नाही, हे लक्षणीय होय.

प्राण्याकडून रोग येईल काय, ही भीती मात्र वेगळ्या जातीची होती. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस हाँगकाँगमध्ये रोगी मालकिणीच्या सतरा वर्षांच्या पोमेरेनियन कुत्र्यात विषाणूचा क्षीण अंश सापडला आणि ती वार्ता जगभर पसरली. हार्बिन येथील प्रयोगांत मांजरांना संसर्ग सहज होतो, कुत्र्यांना फारसा होत नाही, असे आढळले. माणसाकडून प्राण्याकडे हाच संसर्गाचा नेहमीचा मार्ग होता, उलट मार्ग अपवादात्मक. पण तो नव्हताच असे नाही. जानेवारी २०२२ मध्ये हाँगकाँगमधील विक्रीच्या हॅमस्टरांपासून माणसांना लागण झाल्याचे दिसून आले, सुमारे दोन हजार प्राणी मारण्यात आले, आणि डिसेंबर अखेरीपासून घरी नेलेली हॅमस्टरे परत आणून देण्यास कुटुंबांना सांगण्यात आले. मुलांच्या हातची खेळती सोबत एका शासकीय आदेशाने संशयित ठरली. भारतात याच भीतीपोटी काही घरांनी कुत्री रस्त्यावर सोडल्याच्या बातम्या २०२० च्या वसंतात आल्या, आणि भारतीय पशुकल्याण मंडळाला त्याविरुद्ध सूचना काढाव्या लागल्या.

महाराष्ट्राकडे वळल्यास वर सांगितलेल्या पाहण्यांची चौकट अपुरी पडते. त्यांत दोनच वर्ग आहेत : प्राणी पाळणारे आणि न पाळणारे. मुंबईच्या चाळीतील वा पुण्याच्या पेठेतील कुत्रे या दोहोंत बसत नाही. ते कोणाचेच नसते आणि एका अर्थी साऱ्या आळीचे असते. त्याला नाव असते, रोज पोळी घालणारी दोनतीन घरे ठरलेली असतात, आणि रात्री ते कोणत्या जिन्याखाली झोपते हे सर्वांस माहीत असते. २४ मार्च २०२० च्या केंद्रीय आदेशात पशुखाद्याच्या दुकानांना सूट होती आणि पाठोपाठ पशुवैद्यकीय दवाखान्यांचाही त्यात समावेश झाला. परंतु रस्त्यावरच्या कुत्र्याचे अन्न दुकानातून येत नाही. ते खाणावळींच्या मागील दारातून, वडापावच्या गाड्यांभोवतीच्या सांडलवंडीतून, मासळीबाजारातून आणि कचऱ्याच्या ढिगांतून येते. हे सारे एका रात्रीत बंद पडले. घरातल्या कुत्र्याच्या वाट्याला माणसांची गर्दी आली, तर आळीतल्या कुत्र्याच्या वाट्याला ओसाडी. ज्यांनी परवाने मिळवून त्यांना खाऊ घातले, त्यांतील कित्येकांच्या घरी स्वतःचा असा प्राणी नव्हता. ब्रिटनच्या पत्रिकेत त्यांनी ‘न पाळणारे’ या रकान्यात खूण केली असती.

एका खोलीच्या बिऱ्हाडात मांजराने दुपारी कोठे जावे, हाही प्रश्न तेथल्या प्रश्नावलीत संभवत नाही. कारण तेथे स्वतंत्र खोली गृहीत धरलेली आहे. मुंबईतील मांजर टाळेबंदीतही कठड्यावरून शेजारच्या गॅलरीत जात राहिले, आणि ते चार बिऱ्हाडांचे मांजर असल्यामुळे त्याच्या वर्तनातील बदल कोणी एकाने सांगावा अशी सोयच नव्हती. रस्त्यावरच्या या प्राण्यांना भारतीय नियमांत ‘सामुदायिक प्राणी’ असे नाव मिळाले ते २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत, आणि त्यांना खाऊ घालण्याच्या जागा व वेळा कशा ठरवाव्यात याची तरतूदही त्याच नियमांत आली. मराठी घरांतील पुढील पाहणीची पत्रिका तयार करावयाची झाल्यास ‘आपल्या घरी प्राणी आहे काय?’ या पहिल्या प्रश्नापूर्वी ‘आपल्या दाराशी कोण जेवते?’ हा प्रश्न घालावा लागेल.