शेवाळाची वही

ताकाशी अमानो गेले त्याला ४ ऑगस्ट २०२५ ला दहा वर्षं झाली. पाणवनस्पतींच्या टाकीकडे बाग म्हणून बघायला शिकवणारा, शेवाळ खाणारी इवलीशी श्रिंप जगभरच्या टाक्यांत पोचवणारा हा जपानी छायाचित्रकार. त्याच आठवड्यात भाच्याचा फोन आला. दुकानदाराने दिलेलं शेवाळाचं औषध त्याने टाकीत ओतलं होतं. "मावशी, काच लख्ख झालीय गं, पण श्रिंप सगळ्या आडव्या पडल्यात." मी त्याला बाटलीवरचं लेबल वाचायला लावलं. त्यात तांबं होतं. तांब्याने शेवाळ मरतं, तशा श्रिंपही मरतात. एवढं तरी विकणाऱ्याने सांगायला हवं होतं! रात्री मी माझी जुनी वही काढली.

नव्वदच्या दशकातल्या टाक्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. गोल्डफिश, निळी खडी, प्लॅस्टिकची झाडं. शेवाळ धरलं की टाकी मोरीत नेऊन घासायची. माझी वही सुरू होते २००५ ला, डोंबिवलीत, भारनियमनाच्या दिवसांत. रविवारी सकाळची लोकल पकडून कुर्ल्याच्या मासेबाजारात जायचं आणि पिशवीत बांधलेली व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला जपून घरी आणायची. कार्बन डायऑक्साइडसाठी दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत साखर नि यीस्ट, आणि त्यातून टाकीत सोडलेली सलाइनची नळी. पहिला आठवडा बुडबुडे जोरात यायचे, मग मंदावायचे. थंडीत तर यीस्ट पार सुस्त व्हायचं.

अनुबियासच्या पानांच्या कडांना शेवाळाची काळी दाढी फुटली ती याच चढउतारामुळे. पण हे कळायला मला दोन वर्षं लागली, कारण तेव्हा जाणती म्हणवणारी मंडळी एकच सांगायची: "फॉस्फेट बंद करा." मी ऐकलं. झाडं खुरटली, आणि आधी नव्हते ते टणक हिरवे ठिपके पानांवर नि काचेवर चढले. फॉस्फेट कमी पडलं की हेच ठिपके येतात. त्या सल्ल्याचा राग माझ्या मनात अजून आहे. अमेरिकेतले टॉम बार तोवर उलटं सांगत होते: झाडांना पोटभर खत द्या आणि दर आठवड्याला निम्मं पाणी बदला. मी कृषी सेवा केंद्रात गेले. द्राक्षबागायतदार नेतात तीच ०:५२:३४ आणि १३:०:४५ खतांची पाकिटं आणली आणि चिमूट-चिमूट मोजून घालू लागले. महिन्याभरात झाडांनी उचल खाल्ली.

उरलेल्या दाढीसाठी फिल्टर बंद करून, सिरिंजने ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड नेमकं पानाच्या कडेवर सोडायचे. बारीक बुडबुडे उठायचे. दोन-तीन दिवसांत ती काळी दाढी गुलाबी व्हायची, कारण मुळात ते लाल शेवाळ. मरताना त्याचा खरा रंग दिसतो. मग श्रिंप येऊन ती कुरतडून खायच्या. मी टाकीसमोर जमिनीवर बसून तासन्‌तास बघत राहायचे. तारीख, दिव्याचे तास, खत, पाणी, कुठल्या पानावर काय उगवलं, सगळं वहीत आहे. कुर्ल्याला भेटणाऱ्या आम्हा चार-पाच जणांकडे अशा वह्या होत्या. चहाच्या टपरीवर त्या उघडायच्या, ताडून बघायच्या. २०१५ ला लिस्बनच्या मत्स्यालयात अमानोंनी चाळीस मीटर लांबीची टाकी उभारली, तिचे फोटो आम्ही त्याच टपरीवर पाहिले. काही महिन्यांत ते गेले. मग आमचं भेटणंही विरत गेलं.

आता एलईडी लखलखीत आहेत, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घरपोच येतो, वीजही फारशी जात नाही. नाहीशी झाली ती बघत बसायची सवय. शेवाळ का आलं, हे कोणी विचारत नाही; कशाने मरेल, एवढंच विचारतात आणि दुकानं त्यावरच चालतात. दिवा जास्त, कार्बन डायऑक्साइड खालीवर, झाडं उपाशी, तळाशी घाण, यांतलं काहीतरी चुकतंय हे शेवाळच दाखवत असतं. औषधाने ते गेलं, तरी चूक तशीच राहते.

भाच्याला विचारलं, "दिवा किती वेळ असतो रे?"

"कॉलेजला जाताना लावतो, झोपताना बंद करतो."

म्हणजे चौदा-पंधरा तास. मी त्याला दोनशे पानी कोरी वही नेऊन दिली. निम्मं पाणी आम्ही दोघांनी मिळून बदललं. पहिल्या पानावर त्याने तारीख घातली आणि खाली लिहिलं: दिवा, सहा तास.