रुंद रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता?

"एकदा रस्ता रुंद होऊ द्या, मग पोरं बिनघोर शाळेत जातील." रस्त्याचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलंच. ऐकून ऐकून कान किटले.

अंबड तालुक्यातलं अंकुशनगर म्हणजे समर्थ सहकारी साखर कारखान्याचा परिसर. गळीत हंगामात असल्या परिसरातल्या रस्त्यांवर उसाने ओसंडणाऱ्या ट्रॉल्या, बैलगाड्या, आणि त्यांच्या कडेकडेने दप्तर अडकवलेली सायकल. तेव्हा रुंदीकरण हवंसं वाटणारच. पण जरा हिशेब करू.

माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो. ७ मीटरचा रस्ता ओलांडायला ६ सेकंद, १४ मीटरचा केला की १२. तेवढ्यात ताशी ६० किलोमीटरने येणारी जीप आधी १०० मीटर पुढे आली असती, आता २०० मीटर येते. म्हणजे रस्ता ओलांडणाऱ्या आजीला दुप्पट लांबचं दिसायला हवं! शिवाय मोकळा रस्ता दिसला की ६० वर थांबतो कोण? धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ३० चे ६० झाले की चौपट. आणि वाढीव डांबर बहुधा साइडपट्टी गिळूनच येतं, जिच्यावरून सायकल जात होती.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ३२,८२५ पादचारी मेले. रस्ते अपघातांतल्या मृत्यूंतला जवळपास दर पाचवा.

इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ ची मार्गदर्शिका फुटपाथसाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगते. मोकळी, म्हणजे मध्ये डीपी नाही, टपरी नाही. रुंदी वाढवायचीच तर आधी ही वाढवा. शाळा, बसथांबा, कारखान्याचं गेट यांच्यामध्ये लोक कुठून चालतात ते आठवडाभर पाहा आणि नकाशा त्यावरून काढा. ओलांडायच्या जागी वेग उतरवा, मध्ये उभं राहायला जागा ठेवा.

अशीच आणखी काही ठरलेली वाक्यं. "पांढरा पट्टा मारला की सायकल ट्रॅक झाला." पट्ट्यावर दुचाक्या उभ्या राहतात, उंचवटा किंवा खांब लागतो.

"चालणाऱ्यानेही डावीकडूनच जावं." फुटपाथ नसेल तिथे उजवीकडून चाला, समोरचं वाहन दिसतं. सायकल मात्र डावीकडूनच.

"आता सायकल चालवतं कोण?" मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शासनच सायकली देतं. त्या चालवतात. ट्रॉल्यांच्या कडेने.