विश्लेषण : कोंबडी उसात अंडी का घालते? तिला पेटीची सवय कशी लावायची?

दौंड तालुक्यातील केडगाव परिसरात वस्तीवरच्या बहुतेक घरांमागे गोठा असतो, गोठ्याला लागून कोंबड्यांचे खुराडे आणि खुराड्यापासून हाकेच्या अंतरावर उसाचा फड. सकाळी खुराडे उघडले की कोंबड्या चरायला बाहेर पडतात. तास-दोन तासांनी उसाच्या कडेकडून ‘कॉक्-कॉक्’ असा ओरडा ऐकू येतो. कोंबडीने अंडे घातले हे घरात कळते, पण कुठे घातले हे कळत नाही. मग घरातली बाई किंवा शाळेला निघालेले पोर काठी घेऊन उसाच्या सरीत शिरते.

वरवर किरकोळ वाटणारी ही गोष्ट आता तशी राहिलेली नाही. शिरूर, जुन्नर, आंबेगाव आणि दौंड या पट्ट्यातील उसात बिबट्यांचा वावर वाढला आहे. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबुत परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुलांसह तिघांचा बळी गेला. नाग आणि घोणस यांचा धोका तर पूर्वीपासून आहेच. अशा वेळी कोंबडीने घराजवळ, ठरलेल्या पेटीत अंडे घालावे, हा केवळ सोयीचा प्रश्न उरत नाही.

कोंबडीला अंडे घालण्याची जागा कोण सुचवते?

कोंबडीच्या शरीरात एक अंडे तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात. त्यापैकी सुमारे २० तास फक्त कवच तयार होण्यात जातात. अंडाशयातून बलक सुटला की मागे उरणाऱ्या रिकाम्या पिशवीतून संप्रेरके स्रवतात आणि त्यांच्यामुळे दुसऱ्या दिवशी अंडे बाहेर येण्याच्या सुमारास कोंबडीला घरट्याची ओढ लागते. एडिनबर्ग येथील कुक्कुट संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात प्रयोगांतून हा संबंध दाखवून दिला.

म्हणजे अंडे घालण्यापूर्वीची कोंबडीची घालमेल ही खोड नसून उपजत वर्तन आहे. अंडे येण्याच्या तास-दीड तास आधी ती कळपापासून बाजूला होते, कोपरे धुंडाळते, आत-बाहेर करते, पायाने उकरून खळगा करते आणि मग बसते. तिला चार गोष्टी हव्या असतात : अंधूक प्रकाश, आडोसा, बसायला मऊ व कोरडी जागा आणि शांतता. उसाच्या सरीत पाचटाखाली या चारही गोष्टी एकाच ठिकाणी मिळतात. गोठ्यातली गव्हाण, कडब्याची गंज, सरपणाचा ढीग किंवा उभी ट्रॉली यांची निवडही याच कारणाने होते. घरच्या पेटीत याहून चांगली सोय असेल, तर कोंबडी उसात जाण्याचे कारण उरत नाही.

नुकसान किती होते?

समजा, घरी दहा कोंबड्या आहेत आणि रोज सरासरी पाच अंडी मिळायला हवीत. त्यातली दोन रोज बाहेर पडून हरवत असतील, तर महिन्याला ६० अंडी गेली. गावरान अंड्याला दहा रुपये धरले तरी सहाशे रुपये होतात. दाण्याचा खर्च मात्र तेवढाच राहतो. ग्रामीण घरांत अंड्यांचे पैसे बहुधा बाईच्या हातात येतात. वही-पेन, औषध, भिशीचा हप्ता असे खर्च त्यातून भागतात. त्यामुळे हा तोटा घरात सर्वांत आधी तिला जाणवतो.

हिशेबाची दुसरी बाजू खाण्याची आहे. देशात दरडोई अंड्यांची उपलब्धता वर्षाला साधारण १०० च्या घरात आहे, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस वर्षाला १८० अंड्यांची आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात परसातील कोंबड्या व अन्य पक्ष्यांची संख्या ३१.७ कोटी होती. आधीच्या गणनेपेक्षा ती सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली. म्हणजे परसातील कोंबडी मागे पडलेली नाही, उलट वाढते आहे. तिची अंडी चुलीपर्यंत पोहोचतात का, हा खरा प्रश्न आहे.

आधी खात्री करा : अंडी लपवली की थांबली?

अंडी कमी झाली की ती बाहेर पडत आहेत, असा समज लगेच होतो. तो दर वेळी बरोबर नसतो. दिवस लहान झाले, कोंबडी पिसे गाळू लागली, उन्हाळ्याची काहिली वाढली किंवा कोंबडी खुडूक झाली, तरी अंडी थांबतात. अंड्यावरील कोंबडीचा तुरा लालभडक व टवटवीत असतो. तिच्या शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये दोन ते तीन बोटे बसतील इतके अंतर असते. ते अंतर जेमतेम एक बोट असेल आणि तुरा फिका, आकसलेला असेल, तर ती अंड्यावर नाही.

साऱ्या कळपाची अंडी एकदम घटली, कवच मऊ येऊ लागले, कोंबड्या मलूल होऊन हिरवट हगवण दिसली, तर विषय पेटीचा नाही. मानमोडीसारख्या रोगाची ती लक्षणे असू शकतात. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखान्यात तातडीने कळवायला हवे.

पेटी कशी असावी?

एका कोंबडीला बसून वळता येईल इतकी जागा पुरेशी असते. देशी कोंबडीसाठी लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी एक फूट हे माप चालते. गिरीराज, वनराज यांसारख्या वजनदार जातींसाठी दोन-तीन इंच वाढवावेत. चार ते पाच कोंबड्यांमागे एक पेटी हे प्रमाण आहे. मात्र कोंबड्या कमी असल्या तरी दोन पेट्या ठेवाव्यात. अनेकदा दोन्ही मोकळ्या असूनही कोंबड्या एकीसमोरच रांग लावतात. एकीने निवडलेली जागा दुसरीला सुरक्षित वाटते, त्यामुळे हे स्वाभाविक आहे.

पेटीच्या तोंडाशी चार ते पाच इंच उंचीची आडवी पट्टी हवी. ती नसेल तर काड बाहेर सांडते आणि अंडी घरंगळतात. विकतच्या पेटीची गरज नाही. भाजीचे प्लास्टिक क्रेट आडवे करून पुढे गोणपाटाचा अर्धा पडदा सोडला, तरी काम होते. जुने लाकडी खोके किंवा बांबूची पाटीही चालते. तेलाचा पत्र्याचा डबा मात्र दौंडच्या उन्हाळ्यात दुपारी तापतो. तो वापरायचाच असेल तर सावलीत ठेवून वर ओले गोणपाट टाकावे लागते.

आत तीन-चार इंच जाडीचा मऊ थर हवा. गव्हाचे काड, भाताचे तूस किंवा लाकडाचा कोरडा भुसा सर्वांत चांगला. केडगाव परिसरात पाचट फुकट मिळते, पण त्याच्या कडा धारदार असतात, त्यामुळे ते बारीक करून वापरावे. गुऱ्हाळावरचे चिपाड खरबरीत असल्याने बसायला योग्य नाही. ओलसर, बुरशी लागलेले काहीही घालू नये. बुरशीचे बीजाणू श्वासातून कोंबडीच्या फुफ्फुसात जाऊन आजार होतो.

पेटी कुठे ठेवावी?

खुराड्यातला सर्वांत काळोखा आणि कमी वर्दळीचा कोपरा निवडावा. पेटी जमिनीपासून एक ते दीड फूट उंच असावी. वजनदार जातींसाठी ती आणखी खाली किंवा जमिनीलगत ठेवली तरी हरकत नाही. मात्र एक नियम पाळावा लागतो : रात्री बसण्याची दांडी पेटीपेक्षा उंच हवी. कोंबडी झोपायला नेहमी उंच जागा शोधते. पेटी दांडीपेक्षा उंच झाली तर कोंबड्या पेटीतच झोपतात, रात्रभर तिथेच शिटतात आणि सकाळी त्याच घाणीत अंडे पडते. घाण झालेली पेटी कोंबडीही नाकारते.

सवय लावण्याचा क्रम काय?

सुधारित जातींच्या तलंगा साधारण पाच ते सहा महिन्यांच्या झाल्या की अंड्यावर येतात, देशी कोंबडी त्याहून थोडी उशिरा. त्याआधी दोन-तीन आठवडे पेट्या मांडलेल्या असाव्यात, म्हणजे त्या ओळखीच्या होतात. पहिली काही अंडी जिथे पडतात, ती जागा कोंबडी सहसा धरून ठेवते. म्हणून सुरुवातीचा पंधरवडा महत्त्वाचा असतो.

दुसरा उपाय आजीच्या काळातला आहे. सगळी अंडी उचलायची, पण एक मागे ठेवायचे. आधीचे अंडे दिसले की जागा सुरक्षित आहे, असा संकेत कोंबडीला मिळतो. मात्र खरे अंडे उन्हाळ्यात नासते आणि सापालाही बोलावते. त्याऐवजी लाकडाचे किंवा संगमरवराचे अंडे, गुळगुळीत गोटा किंवा गोल्फचा चेंडू ठेवला तरी परिणाम तोच होतो.

ज्या कोंबड्यांना उसाची सवय लागलीच आहे, त्यांना आठ-दहा दिवस सकाळी उशिरा सोडावे. बहुतेक अंडी सकाळच्या वेळात पडतात, त्यामुळे दहा-अकरापर्यंत कोंबड्या आत ठेवल्या तर अंडे आतच पडते. या काळात आत पाणी, दाणा आणि वारा हवाच. उन्हाळ्यात ही वेळ थोडी अलीकडे आणावी. एखादी कोंबडी जमिनीवरच बसू लागली, तर तिला हळूच उचलून पेटीत ठेवावे. ओरडून हाकलले तर ती आणखी लांबची जागा शोधते. खुराड्यातले इतर अंधारे कोपरे विटा किंवा फळ्या लावून बंद करावेत.

सगळे करूनही पेटी नको म्हणते तेव्हा?

अशा वेळी पेटीच तपासावी. दिवसा फटींमध्ये लपणारे आणि रात्री रक्त पिणारे लाल माइट हे एक नेहमीचे कारण आहे. ते झालेल्या पेटीत कोंबडी बसत नाही. रात्री फटीवरून पांढरा कागद फिरवला आणि त्यावर लालसर ठिपके उमटले, तर माइट आहेत असे समजावे. पेटी रिकामी करून काड जाळावे, खोके कडक उन्हात ठेवावे आणि फटींना चुना लावावा.

दुसरे कारण खुडूक कोंबडी. ती पेटी अडवून बसते आणि इतरांना टोचते. पिल्ले हवी असतील तर तिला वेगळ्या पाटीत दहा-बारा अंड्यांवर बसवावे, २१ दिवसांत पिल्ले निघतात. नको असतील तर हवा खेळत्या पिंजऱ्यात, खाली काड न घालता तीन-चार दिवस ठेवले की तिची खुडूक मोडते. दाणा-पाणी मात्र चालूच ठेवावे.

तिसरे कारण फुटलेली अंडी. एका पेटीत गर्दी झाली की अंडे फुटते, कोंबडी ते चाखते आणि अंडी खाण्याची सवय लागते. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असते. ते कमी पडले तर कवच पातळ येते. शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीची बारीक खडी वेगळ्या भांड्यात ठेवली, तर कोंबडी गरजेपुरती खाते.

अंडी किती वेळा उचलावीत?

दिवसातून दोनदा, उन्हाळ्यात तीनदा. कोंबड्यांत कोंबडा असेल तर अंडी फलित असतात आणि उष्णतेत पडून राहिली तर आत वाढ सुरू होते. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांवर एक नैसर्गिक पातळ थर असतो. तो जंतूंना अडवतो. पाण्याने धुतल्यास हा थर जातो, म्हणून साठवायची अंडी कोरड्या कापडाने पुसावीत. वापरण्याआधी धुतली तर हरकत नाही. उसात सापडलेल्या अंड्याचे वय कळत नाही. पाण्यात टाकल्यावर ते तरंगले, तर फेकून द्यावे.

कोंबड्या कुठून घ्याव्यात?

राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि कोल्हापूर येथे आहेत. केडगावला जवळचे केंद्र पुण्यात खडकीला आहे. विभागाच्या परसातील कुक्कुटपालन योजनेत २५ माद्या आणि तीन नर असा तलंगांचा गट दिला जातो. योजना चालू आहे का आणि पात्रता काय, याची माहिती पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात मिळते. गट आणण्याआधी पेट्या तयार ठेवाव्यात. २५ माद्यांसाठी पाच-सहा पेट्या लागतील.

आणि उसातली अंडी?

पेटीची सवय लागेपर्यंत दोन-चार अंडी बाहेर पडणारच. ती शोधायला मुलांना पाठवू नये. पहाटे आणि दिवस मावळताना उसात कोणीही शिरू नये. दिवसा गेलेच तर काठीने पाचट हलवावे, हात घालू नये. कोंबड्या दिवस मावळण्याआधी आत घेऊन खुराड्याला भक्कम जाळी व कडी लावावी, कारण रात्री मोकळी राहिलेली कोंबडी बिबट्याला वस्तीपर्यंत आणते. शंभर अंडी हरवली तरी ती पुन्हा मिळतात, त्यामुळे एका अंड्यासाठी उसात जाण्याचा धोका कोणीही पत्करू नये.