'निकल अँड डाइम' : एका अमेरिकन वाक्प्रचाराचा अर्थ व उपयोजन

अमेरिकन इंग्रजीतील 'निकल अँड डाइम' हा वाक्प्रचार विशेषण व क्रियापद अशा दोन्ही रूपांत आढळतो. निकल म्हणजे पाच सेंटचे आणि डाइम म्हणजे दहा सेंटचे नाणे. डाइमची तरतूद १७९२ च्या नाणेविषयक कायद्यात झाली. पाच सेंटचे निकल १८६६ पासून पाडले जाऊ लागले. (नाव निकल असले तरी त्यात ७५ टक्के तांबेच असते.)

विशेषण म्हणून त्याचा अर्थ 'फुटकळ, क्षुल्लक' एवढाच आहे. क्रियापद होताच मात्र अर्थ बदलतो. एखाद्याकडून लहान लहान रकमा वारंवार काढून त्यास जेरीस आणणे, हा तो अर्थ होय. येथे घेणारा कर्ता असतो आणि देणारा कर्म. 'किरकोळ खर्च करणे' या प्रचलित भाषांतरात हा घेणाराच नाहीसा होतो. म्हणून ते केवळ अपुरे नव्हे, तर चुकीचे ठरते. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हणही उपयोगी नाही. तीत तळे साचते, येथे ते आटते. (आकारणाऱ्याचे तळे साचते, हे वेगळे!)

उपयोजनाचे ठळक क्षेत्र म्हणजे ग्राहकाची तक्रार. २००८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशाच्या पहिल्या बॅगेसाठी १५ डॉलर आकारणे सुरू केले. तिकिटाचा दर तोच ठेवून सामान, आसन, खाद्यपदार्थ यांचे पैसे स्वतंत्रपणे घेण्याच्या अशा पद्धतीस हे क्रियापद नेमके लागू पडते.

बार्बरा एरेनराइक यांच्या २००१ मधील पुस्तकाच्या शीर्षकात 'निकल अँड डाइम्ड' हे कर्मणी रूप आहे. फ्लोरिडात वाढपी, मेनमध्ये सफाई कामगार आणि मिनेसोटात दुकानातील कर्मचारी म्हणून काम करून त्यांनी अल्प वेतनावरील जगणे पाहिले. घरासाठी अनामत रक्कम एकरकमी जमत नाही, म्हणून मोटेलचे भाडे रोज भरायचे. आणि ते घरभाड्याहून महाग पडते! गरिबाला गरिबीचीच किंमत मोजावी लागते. येथे घेणारा कोणी एक नाही आणि तक्रार कोणाकडे करावी, हेही कळत नाही. कर्मणी रूपात कर्ता अनुक्त राहतो, ही व्याकरणातील बाब येथे अर्थाचाच भाग होते.

मराठीत 'चिल्लरीने नागवणे' हा पर्याय सुचवता येईल. 'नागवणे' या क्रियापदास कर्म लागते आणि त्याचे 'नागवला जाणे' हे रूपही सहज होते. त्यामुळे विमानप्रवासी व मोटेलमधील कामगार या दोहोंस तो चालू शकेल.