बगळ्याची पिसे कुठे हरवली?

म्हशीच्या पाठीवर बसलेला गायबगळा तुम्ही पाहिला असेलच. भर उन्हात त्याचे छायाचित्र घेऊन पाहा. म्हैस छान येते, पण बगळ्याच्या जागी नुसता पांढरा डाग! विणीच्या हंगामात त्याच्या डोक्यावर व मानेवर चढणारी केशरी छटाही त्या डागात नाहीशी होते. निरीक्षणाची नोंद म्हणून असे छायाचित्र काय कामाचे? हे का होते, ते एका प्रयोगाने समजून घेऊ.

पांढरा कागद व काळे कापड उन्हात शेजारी शेजारी ठेवा. डिजिटल कॅमेऱ्याची तबकडी 'पी' या खुणेवर आणा आणि फ्लॅश बंद ठेवा. आता चौकट पूर्ण भरेल इतक्या जवळून दोघांची वेगवेगळी छायाचित्रे घ्या. तुमची सावली पडू देऊ नका. काय दिसले? कागद राखाडी आणि कापडही राखाडी!

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक वस्तूवरून परत येणारा प्रकाश मोजतो. वस्तू मुळात पांढरी की काळी, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे आहे, असे तो धरून चालतो. कागदाकडून पुष्कळ प्रकाश आला की तो प्रकाश कमी घेतो. कापडाकडून थोडा आला की जास्त घेतो. काळ्या म्हशीने चौकट व्यापली की नेमके हेच घडते आणि बगळ्याच्या वाट्याला नको इतका प्रकाश येतो.

कॅमेऱ्याच्या संवेदकावर लक्षावधी सूक्ष्म कप्पे असतात. प्रकाश पडला की त्यांत विद्युतभार साठतो. पावसात ठेवलेली वाटी काठोकाठ भरल्यावर पुढचा पाऊस मोजता येत नाही, तसेच या कप्प्यांचे होते. वाहून गेलेली पिसे मग संगणकावरही परत मिळत नाहीत.

यावर उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यावर अधिक-उण्याची (+/−) खूण असलेले बटण असते. म्हशीवरच्या बगळ्यासाठी ते उणे १ वर न्या. प्रकाश निम्मा होईल. पांढऱ्या कागदासाठी मात्र अधिक १ करा. प्रकाश दुप्पट होईल. मोबाईलवर बगळ्याच्या चित्रावर बोट टेकवले की बहुधा सूर्याची खूण येते. ती खाली सरकवा.

स्वतः सर्व आकडे ठरवायचे असतील, तर छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा वापरा. स्वच्छ उन्हात छिद्र एफ/१६, आयएसओ १०० आणि शटर १/१२५ सेकंद. उडता पक्षी टिपण्यासाठी १/१००० सेकंद हवा असेल, तर प्रकाश तीनदा निम्मा होतो. म्हणून छिद्र तीन पायऱ्या मोठे करा : एफ/११, एफ/८, एफ/५.६. हिशेब जुळला!

आता एक प्रश्न. पांढऱ्या वाळूवर दूर उभ्या असलेल्या काळ्या शेळीचे छायाचित्र घ्यायचे आहे. अधिक करावे की उणे? आधी उत्तर वहीत लिहा, मग प्रत्यक्ष करून पाहा.